एकच आडनाव, चार घरं : 'साउंड'चं कूळ कसं शोधायचं

रत्नागिरीला कोर्टाबाहेर माझी एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक प्रिंटर एवढी जागा आहे. इंग्रजी कागदांचं मराठी करून देणं हा धंदा. मृत्युपत्रं, खरेदीखतं, हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं, कधीमधी एखाद्या कंत्राटदाराचा अहवाल. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका जेटीच्या पाहणीचा अहवाल आला. त्यात वाक्य होतं, 'साउंडिंग्ज वेअर टेकन ॲट टेन मीटर इंटरव्हल्स.' मी बिनधास्त लिहिलं, 'दर १० मीटर अंतरावर आवाज घेण्यात आले.' अर्थ लागत नव्हता, पण अशा अहवालांत अर्थ लागलाच पाहिजे असं कुठे आहे, म्हणून पुढे गेले. आठ दिवसांनी कागद परत आला. त्या ओळीच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने एक कर्णा काढला होता. बाकी शेरा काही नाही. नुसता कर्णा.

त्या कर्ण्याने मला जे शिकवलं ते इथे लिहिते आहे. इंग्रजीत असे शब्द खूप आहेत की बाहेरून एक दिसतात आणि आत तीन-चार बिऱ्हाडं नांदत असतात. ती वेगळी कशी करायची, कुठला अर्थ कुठल्या घरचा हे कसं ओळखायचं, त्याची रीत आहे. 'साउंड' हा शब्द घेऊन ती दाखवते, कारण त्याच्यावर माझी फी बुडाली आहे.

आधी मराठीवर हात बसवा

'त्याची मान गेली' आणि 'त्याचा मान गेला.' ऐकायला एकच शब्द, पण ती मान आणि तो मान यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. गळ्याची मान संस्कृतातल्या 'मन्या'वरून आली, मानपानातला मान संस्कृतातला 'मान' आहे तसा आला. दोघांच्या उच्चाराची वाटेत गाठ पडली, इतकंच.

आता 'जेवायची वेळ झाली' आणि 'जेवायला वेळ झाला' बघा. इथेही एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, अर्थही वेगळे. पण दोन्हींचं मूळ एकच, 'वेला'. म्हणजे लिंग वेगळं दिसलं की कूळ वेगळंच, असंही नाही. संशय घ्यायचा, निकाल नाही द्यायचा.

आमच्या गावात एकाच आडनावाची चार घरं आहेत. टपाल नेहमी चुकतं. पण गावातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की वरच्या दोन घरांना एकमेकांचं सुतक लागतं, खालच्या दोघांना लागत नाही. शब्दांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा. यांना एकमेकांचं सुतक लागतं का? लागत असेल तर तो एकाच शब्दाचा पसरलेला संसार. नसेल तर नुसते आडनावबंधू.

अर्थ नका, वाक्यं गोळा करा

पहिली चूक सगळे हीच करतात. शब्दकोश उघडून अर्थ उतरवून काढतात. चौदा अर्थ उतरवले की डोकं गरगरतं आणि वही मिटते. त्यापेक्षा महिनाभर वाचताना, ऐकताना तो शब्द दिसला की अख्खं वाक्य टिपून ठेवा. माझ्या वहीत 'साउंड'ची जी वाक्यं आहेत त्यातली काही मराठी अक्षरांत देते. 'द साउंड ऑफ द बेल.' 'ही केम बॅक सेफ अँड साउंड.' 'बीइंग ऑफ साउंड माइंड.' 'साउंड स्लीप.' 'साउंड इन्व्हेस्टमेंट.' 'साउंड हिम आउट.' 'प्यूजेट साउंड.' 'साउंडिंग रॉकेट.' आणि एका डिस्चार्ज कार्डावरचं 'यूटेराइन साउंड इंट्रोड्यूस्ड.'

मग प्रत्येक वाक्यात 'साउंड'च्या जागी मराठी शब्द बसवून बघायचा. घंटेला 'आवाज' बसतो. 'सेफ अँड साउंड'ला 'सुखरूप' बसतो, आवाज बसत नाही. 'साउंड स्लीप'ला आवाज बसवला तर घोरणं होतं. एका विद्यार्थ्याने मला खरोखर तसंच करून दाखवलं होतं, 'आजोबांना आवाजाची झोप लागली.' चुकलेलं होतं, पण आजोबांचं वर्णन म्हणून बरोबर असणार.

यापेक्षा खात्रीची युक्ती म्हणजे विरुद्धार्थ. घंटेच्या साउंडच्या उलट काय? शांतता. साउंड माइंडच्या उलट काय? अनसाउंड माइंड. 'अनसाउंड बेल' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे 'अन' हे शेपूट पुढे लागतं ते एकाच घराला. 'साउंडली' हे क्रियाविशेषणही त्याच घरचं, म्हणून 'साउंडली बीटन' म्हणजे सणसणीत हरवलेला. 'साउंडिंग्ज' असं अनेकवचन दिसलं की बहुतेक वेळा पाण्याकडे बघा. आणि पुढे गावाचं किंवा माणसाचं नाव असेल, पहिलं अक्षर मोठं असेल, तर नकाशा उघडा.

एवढ्याने चार ढीग होतात. आवाजाचा, धडधाकटपणाचा, समुद्राच्या पट्टीचा आणि खोली मोजण्याचा. अजून शब्दकोशाला हात लावलेला नाही, हे लक्षात घ्या.

आता कोश, पण कुठलं पान वाचायचं?

खिशातले इंग्रजी-मराठी कोश या कामाला उपयोगाचे नाहीत. ते सगळी बिऱ्हाडं एका ओळीत कोंबतात : 'आवाज, निकोप, सामुद्रधुनी, खोली मोजणे.' स्वल्पविरामाने जोडलेली चार अनोळखी माणसं. मोठा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ऑक्सफर्डचा एकखंडी असला तरी चालेल. त्यात 'साउंड' शब्द एकदा येत नाही, चार वेळा येतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन, चार. तो आकडा म्हणजे घर नंबर. एका आकड्याखाली अ, ब, क असे कितीही अर्थ असोत, ती एका घरातली माणसं. आकडा बदलला की उंबरठा बदलला.

नोंदीच्या शेवटी, काही कोशांत सुरुवातीला, एक चौकोनी कंस असतो. सगळे तो ओलांडून जातात. तुम्ही तिथेच थांबा. त्यात एक-दोन अक्षरांचे संक्षेप असतात, जुनी इंग्रजी, मध्ययुगीन इंग्रजी, जुनी नॉर्स (डेन्मार्क-नॉर्वेकडची जुनी भाषा), जुनी फ्रेंच, लॅटिन. कोशाच्या पहिल्या पानांत त्यांची यादी असते. ती एका पुठ्ठ्यावर उतरवून कोशात बुकमार्क म्हणून ठेवा. माझा पुठ्ठा लग्नपत्रिकेचा आहे, वीस वर्षं टिकला. लग्नही टिकलं आहे.

कंस वाचताना तीन गोष्टी बघायच्या. शब्द कुठल्या भाषेतून आला, तिथे त्याचं रूप काय होतं, आणि इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला तो कसा लिहीत. ही तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. आता घरोघर जाऊ.

आवाजवाले

पहिलं घर लॅटिन 'सोनुस'चं. तिथून फ्रेंच 'सोन', आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात. चौदाव्या शतकातला कवी चॉसर हा शब्द 'सून' असा लिहितो, शेवटी डी नाही. डी नंतर चिकटला, पंधराव्या शतकाच्या आसपास. त्याला कारण अर्थाचं नाही, जिभेचं आहे. 'न' म्हणून झाल्यावर जीभ टाळूवरून सुटताना एक 'ड' सांडतो. इंग्रजीत 'कुटणे' या अर्थाचा 'पाउंड' आणि 'निघालेला' या अर्थाचा 'बाउंड' यांनाही असाच फुकटचा डी मिळाला आहे. 'थंडर'मधला डी सुद्धा मागाहूनचा. आपल्याकडे 'वानर'चं हिंदीत 'बंदर' झालं आणि कोकणात 'वांदर' झालं, तो 'द' असाच सांडलेला. कौलं फोडणाऱ्या वांदरांना शिव्या देताना आपण चॉसरनंतरच्या इंग्रजांसारखंच करत असतो.

'सोनुस'चे लॅटिनमार्गे आलेले नातेवाईक इंग्रजीत भरपूर आहेत : सोनाटा, युनिझन, रेझोनन्स, कॉन्सोनंट. त्याचा एक दूरचा चुलतभाऊ संस्कृतात आहे, 'स्वन'. मराठीतले भाषाशास्त्राचे प्राध्यापक 'स्वन' आणि 'स्वनिम' म्हणतात, त्यातला हा. दिसायला सारखा आहे म्हणून नातेवाईक म्हणत नाही. लॅटिन आणि संस्कृत यांच्या ध्वनींचा जो नेमाने जमणारा हिशेब आहे, त्यात तो बसतो म्हणून. नाहीतर मग व्हॉट्सॲपवरचे काका 'साउंड'चा उगम 'सुंदर'मध्ये शोधतात तसं होतं. सारखेपणा हा पुरावा नाही. चौकशी सुरू करायचं निमित्त आहे.

धडधाकट लोक

दुसरं घर अस्सल जर्मानिक. जुन्या इंग्रजीत 'गेसुंद'. पुढचा 'गे' गळून पडला, राहिला 'सुंद', त्याचा 'साउंड' झाला. जर्मनमध्ये हा शब्द अजून शाबूत आहे, 'गेझुंड', म्हणजे निरोगी. माझी भाची पुण्यात जर्मन शिकत होती तेव्हा घरात कुणी शिंकलं की 'गेझुंडहाइट' म्हणायची. म्हणजे 'आरोग्य असो'. माझी आजी अशा वेळी 'शतायुषी हो' म्हणायची, त्यामुळे घरात कुणाला ते विचित्र वाटलं नाही.

या घरातल्या सगळ्या अर्थांना एकच कणा आहे. तडा नसलेलं, पोकळ नसलेलं, भरवशाचं. साउंड घोडा म्हणजे न लंगडणारा. साउंड इमारत म्हणजे जिच्या खांबांत खोट नाही. साउंड सल्ला, साउंड गुंतवणूक, गाढ झोप, सडकून मार. 'साउंड थ्रॅशिंग'चं मराठी एकाने 'आवाज येईल असा चोप' केलं होतं. कूळ चुकलं, वर्णन नाही.

माझ्या टेबलावर हे घर रोज येतं, कारण मृत्युपत्र. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं ५९ वं कलम म्हणतं की अज्ञान नसलेल्या आणि साउंड माइंडच्या कुणाही व्यक्तीला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेची व्यवस्था लावता येते. (कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेला. यावरही एक लेख होईल.) १८७२ च्या करार कायद्यातही साउंड माइंडची अट आहे आणि १२ व्या कलमात तिची व्याख्या आहे : करार करताना तो समजण्याची आणि त्यात आपलं हित काय हे ठरवण्याची ताकद. म्हणजे मन ठणठणीत पाहिजे, आवाजी नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे टायपिंगला येणाऱ्या मुलीने वेळ वाचवायला मृत्युपत्राचा मसुदा फोनमधून भाषांतर करून आणला. पहिलीच ओळ : 'मी, ध्वनी मन असलेला, खालीलप्रमाणे लिहून देतो.' तिला म्हटलं, बाई, या ओळीवर उद्या भाऊ-भाऊ कोर्टात जातील. तिथे लिहायचं असतं, 'मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता.' आणि उलट अर्थाला 'विकल मनाचा'. शब्दाला शब्द नाही, पण घर बरोबर.

समुद्राची पट्टी

तिसऱ्या घराकडे फार वेळ लागत नाही. जुन्या नॉर्समध्ये 'सुंद' म्हणजे पोहणं, आणि पोहून जाता येईल एवढी समुद्राची चिंचोळी पट्टी. इंग्रजीतल्या 'स्विम'चा हा जवळचा नातलग. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीलाही इंग्रजीत 'साउंड' म्हणतात, तीही याच घरची.

डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधली ओरेसुंड ही यातली मूळ पट्टी, आता तिच्यावर २००० साली खुला झालेला पूल आहे. इंग्रजी इतिहासात नुसतं 'द साउंड' म्हटलं की हीच. १४२९ पासून १८५७ पर्यंत डेन्मार्कचा राजा इथून जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत असे, तिचं नाव 'साउंड ड्यूज'. पेन्सिलवाल्या साहेबांच्या आधी हे माझ्या हाती लागलं असतं तर मी 'आवाजावरील कर' असं लिहून मोकळी झाले असते.

अमेरिकेत सिॲटलजवळ प्यूजेट साउंड आहे, जॉर्ज व्हँकुव्हरने १७९२ मध्ये आपल्या लेफ्टनंट पीटर प्यूजेटच्या नावाने ठेवलेलं. तिथल्या लोकल गाड्या चालवणाऱ्या संस्थेचं नाव साउंड ट्रान्झिट. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तिकडे आहे. त्याच्या आईची समजूत अशी होती की त्या गाड्या आवाज करत नाहीत म्हणून तसं नाव असावं.

गंमत अशी की डॅनिशमध्ये 'सुंद' म्हणजे समुद्राची पट्टी आणि 'सुंद' म्हणजेच निरोगी. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या घराची गल्लत करण्यात इंग्रज एकटे नाहीत.

ठाव घेणारे

आता चौथं घर, ज्याने माझी फी बुडवली. फ्रेंचमध्ये 'सोंद' म्हणजे पाण्याची खोली मोजायची दोरी, 'सोंदे' म्हणजे खोली मोजणे. तिथून इंग्रजी 'साउंड'. फ्रेंचांना हा शब्द कुठून मिळाला यावर कोशांत दोन तट आहेत. एक म्हणतो उत्तरेकडच्या खलाशांच्या त्याच 'सुंद'वरून. दुसरा म्हणतो लॅटिन 'सुब' म्हणजे खाली आणि 'उंदा' म्हणजे लाट यांवरून. पहिला तट खरा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या घराला एकमेकांचं सुतक लागतं. अशा ठिकाणी वहीत दोन्ही मतं लिहायची आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं. प्रश्नचिन्हाला लाजू नका.

या शब्दाची खरी लाज मला अशी वाटली की आमच्या घरात ते काम रोज चाले. माझे चुलते होडीवर तांडेल होते. अनोळखी पाण्यात शिरताना ते शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडत. गोळा तळाला टेकला की दोरी ढिली पडे. मग ओढून घेताना ते दोन्ही हात छातीच्या बाजूंना पूर्ण फाकवत, बोटाच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत दोरी ताणत आणि तोंडाने म्हणत, 'एक वाव. दोन वाव. तीन... आणि वीतभर.' गोळा आपटताना हाताला जो झटका बसे त्यावरून खाली खडप आहे की चिखल, हे ते सांगत. वाव म्हणजे फाकलेल्या दोन हातांमधलं अंतर. इंग्रजी 'फॅदम' हेच माप, सहा फूट, म्हणजे साधारण १.८३ मीटर, आणि त्या शब्दाचाही जुना अर्थ 'पसरलेले हात' हाच. दोन्ही किनाऱ्यांवर फूटपट्टी एकच, माणसाची छाती.

इंग्रज खलाशांच्या दोरीला ठरलेल्या वावांवर खुणा असत : दोन आणि तीन वावांवर चामड्याच्या तेवढ्याच पट्ट्या, पाचावर पांढरं कापड, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. काळोखात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून बोटांना कळेल असा पोत. गोळ्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येई. मिसिसिपी नदीवर खोली मोजणारा ओरडे, 'मार्क ट्वेन', म्हणजे दोन वाव, १२ फूट, आगबोट निर्धास्त जाऊ दे. त्या नदीवर पायलट असलेल्या सॅम्युएल क्लेमेन्सने पुढे लेखक झाल्यावर हीच आरोळी नाव म्हणून घेतली.

पाण्यातून हा शब्द वर चढला. हवामान खातं फुग्याला बांधून सोडतं ते यंत्र 'रेडिओसोंड', फ्रेंच 'सोंद' जशीच्या तशी. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून जे पहिलं रॉकेट उडालं ते 'साउंडिंग रॉकेट'. त्याचं मराठी 'ध्वनी रॉकेट' केलेलं मी वाचलं आहे. ते आवाज करतं हे खरं, पण नाव पडलं ते वरच्या हवेचा ठाव घेतं म्हणून. देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा इंग्रजीत तो 'साउंड' करतो. आणि डॉक्टरांकडे एक बारीक, खुणा केलेली धातूची सळई असते, गर्भाशयाची लांबी मोजायला, तिचं नाव 'यूटेराइन साउंड'. त्याच दवाखान्यात 'अल्ट्रासाउंड' होतं, ते मात्र पहिल्या घरचं. डिस्चार्ज कार्डाच्या एका पानावर दोन्ही येतात तेव्हा मी चहा पिऊन मगच लिहायला घेते.

या घराला मराठीत नेमका जोडीदार आहे, 'ठाव'. पाण्याचा ठाव घेतात, मनाचाही ठाव घेतात. 'साउंड हिम आउट' म्हणजे त्याच्या मनाचा ठाव घे, तो काय म्हणतो ते चाचपून बघ. शब्दाचं कूळ सापडलं की भाषांतर आपोआप कसं सापडतं, ते इथे दिसतं. आवाजात अडकून पडले असते तर 'त्याला आवाज दे' असं लिहिलं असतं. आणि आमच्या गल्लीत 'आवाज देणे' म्हणजे वेगळंच.

फसवणाऱ्या जागा

घरं कळली तरी काही दारं फसवतात. 'साउंड आउट'च घ्या. मोठ्यांच्या वाक्यात ते ठाव घेणं, पण इंग्रजी शाळेतली पहिलीची बाई मुलाला 'साउंड इट आउट' म्हणते तेव्हा ती अक्षरांचा उच्चार एकेक करून म्हणायला सांगत असते. शब्द तेच, घर नंबर वेगळा. कर्म काय आहे ते बघा. माणूस असेल तर ठाव, अक्षरं असतील तर आवाज.

'साउंडिंग बोर्ड'चा आजचा अर्थ आहे, आपले विचार ज्याच्यापुढे बोलून बघावेत असा माणूस. हा चौथ्या घरचा असणार असं कुणालाही वाटेल. नाही. चर्चमध्ये धर्मगुरूच्या डोक्यावर एक लाकडी फळी असे, त्याचा आवाज लोकांकडे परतवायला. ती ही. पहिलं घर.

आणि 'सोनार'. हा 'सोनुस'चा नातू वाटतो, पण हे इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव आहे, 'साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग'. त्यातला 'साउंड' मात्र पहिल्या घरचाच. काम काय करतं? पाण्यात आवाज सोडून खोली मोजतं. पहिल्या घरच्या माणसाने चौथ्या घरची नोकरी धरली आहे. आज जेटीची पाहणी होते ती दोरीने नाही, असल्याच यंत्राने. म्हणजे 'दर १० मीटरवर आवाज घेण्यात आले' हे माझं वाक्य आता अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण तो अहवाल दोरीच्या काळातला होता.

कार्ड

शेवटी प्रत्येक शब्दाला एक कार्ड करा. वर शब्द, खाली जितकी घरं तितके कप्पे. प्रत्येक कप्प्यात चारच गोष्टी : मूळ भाषा आणि तिथलं रूप, तुम्ही स्वतः टिपलेलं एक वाक्य, ओळखायची खूण ('अन' लागतो, अनेकवचन होतं, वगैरे), आणि एक मराठी शब्द. मराठी शब्द सापडला नाही तर कप्पा रिकामा ठेवा, खोटा भरू नका. माझ्या 'साउंड'च्या कार्डावर आवाज, धडधाकट आणि ठाव आहेत. तिसऱ्या कप्प्यात मी 'सामुद्रधुनी' लिहून खोडलं आहे, कारण प्यूजेट साउंड ही काही दोन समुद्रांना जोडणारी वाट नाही, तो जमिनीत शिरलेला समुद्र आहे. तिथे 'खाडी' लिहावं की कसं, यावर भाची आणि मी अजून भांडतो. मराठीतच सराव करायचा असेल तर 'तरुणांना वाव'मधला वाव आणि माझ्या चुलत्यांचा वाव यांना एकमेकांचं सुतक लागतं का ते शोधा. मोल्सवर्थचा कोश हाताशी घ्या, आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ती कोशही.

इंग्रजीतला पुढचा शब्द हवा असेल तर 'मॅच' घ्या. काडेपेटीवर छापलेला मॅच, क्रिकेटचा मॅच, साडीला मॅच होणारा ब्लाउज. फ्रेंचमध्ये 'मेश' म्हणजे वात हे लक्षात ठेवा, आणि 'मॅचलॉक' म्हणजे आपली तोड्याची बंदूक, तोडा म्हणजे तिला बत्ती द्यायची जळती दोरी. तिथून सुरुवात करा आणि वानखेडे स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं का बघा. जाता येत नाही. पण ब्लाउजपासून निघालात तर पोचाल.